ऐकू न येणाऱ्या आवाजाची गोष्ट



गेल्या श्रावणात दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात गटातल्या एका मैत्रिणीनं मोबाईल पुढं केला. कुणीतरी पाठवलेला निरोप होता. नखाएवढ्या चिपमधून रक्त सोडायचं, सोनोग्राफीसारखा आवाज लावायचा, की रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वेगळ्या निघतात, असं त्यात लिहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, हे आलं म्हणजे आता छाती दाखवायला नको ना? हात पुढं केला, रक्त दिलं, झालं."

भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "सोनोग्राफीचं नाव माझ्यापुढं काढू नका. त्या मशीननं माझ्या दोन नाती नेल्या."

कुणी काही बोललं नाही. आम्ही समन्वयक. कर्जाचं व्याज विचारा, बँकेचा फॉर्म विचारा, आम्ही लगेच सांगतो. पण या दोन वाक्यांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, तह होते, सनावळ्या होत्या. बाईच्या पोटात डोकावणाऱ्या आवाजाचा इतिहास कुणी शिकवला नाही. म्हणून गेले काही महिने आम्ही वाचत होतो, डॉक्टरबाईंना विचारत होतो. जे हाती लागलं ते आज सांगतो. शेवटी त्या मैत्रिणीच्या प्रश्नावर परत येऊ, कारण तो प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी रक्तातल्या पेशींकडे जाऊ.

कॅन्सरची गाठ एका जागी असते तोवर ती काढता येते. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा ती दुसरीकडे पसरल्यामुळं. स्तनातला आजार हाडात जातो, यकृतात जातो, फुप्फुसात जातो. तो तिथं पोचतो कसा? १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात थॉमस ॲशवर्थ नावाचे डॉक्टर होते. अंगभर गाठी असलेला त्यांचा एक रुग्ण वारला. त्याचं रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर गाठीत दिसणाऱ्या पेशींसारख्याच पेशी रक्तातही दिसल्या. आजार रक्तावाटे प्रवास करतो याची ती पहिली खूण.

पुढं १८८९ मध्ये लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. आजार कुठंही रुजत नाही, ठरावीक अवयवांतच जास्त रुजतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी दाखला दिला बियाणाचा आणि मातीचा. बी वाऱ्यानं सगळीकडं जातं, पण उगवतं ते त्याला मानवेल त्या मातीत. हा दाखला आपल्याला समजावून सांगायला नको.

म्हणजे रक्तात फिरणारी ती पेशी हे आजाराचं बी. ते वाटेतच सापडलं तर आजार पसरतोय का, औषध लागू पडतंय का, हे कळेल. पण सापडायचं कसं? एक मिलिलिटर रक्त म्हणजे औषधाच्या छोट्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात चार-पाचशे कोटी तांबड्या पेशी असतात, वर लाखो पांढऱ्या पेशी. त्यात कॅन्सरची पेशी असली तर एखादी, दोन-चार, फार तर दहा. बाजरीचे हजार दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात. त्या हिशेबानं पाचशे कोटी दाणे म्हणजे पाचशे क्विंटल बाजरी. एवढ्या बाजरीतून दोन-चार खडे निवडायचे, आणि खडेही दिसायला दाण्यासारखेच.

शंभरावर वर्षं हे काम अडलं. मग लोकांनी बारीक चाळण्या करून पाहिल्या. मऊ पेशी दबून भोकातून निसटायच्या, काही फुटायच्या. दुसरी वाट चुंबकाची. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांना असं काही लावायचं, की ते कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटतील. मग चुंबकानं ती पेशी ओढून घ्यायची. या पद्धतीच्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये परवानगी दिली. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर आजार जास्त अवघड, असा तिचा हिशेब होता. पुण्यातही चुंबकी कण वापरणारी 'ऑन्कोडिस्कव्हर' ही तपासणी तयार झाली आहे. चुंबकाची अडचण एकच. ज्या पेशीनं अंगावरची ती खूण टाकून दिली, ती हाती लागत नाही.

आता आवाजाकडे येऊ. आवाज पेशी कशा निवडेल, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्यासाठी घरी एक करून बघा. पातेल्याच्या तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बांधा. त्यावर चिमूटभर मोहरी टाका. शेजारी दुसरी थाळी जोरात वाजवा. पातेल्याला हातही न लावता मोहरी उड्या मारते. आवाजाला धक्का असतो तो असा.

१७८७ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनी यांनी हेच नीट करून दाखवलं. धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू पसरली आणि पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला. पत्रा थरथरला, आणि वाळू सरकत सरकत रांगोळीसारख्या रेघांत जमली. जिथं पत्रा स्थिर, तिथं वाळू गोळा. आवाज वस्तूला हलवतो आणि नेमक्या जागी नेऊन बसवतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. वटवाघळाला येतो. असा आवाज मुद्दाम काढता येईल याची वाट १८८० मध्ये पॅरिसला सापडली. झाक आणि पिएर क्युरी या भावांना असं दिसलं, की काही स्फटिक दाबले तर त्यांतून वीज निघते. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं: वीज दिली की स्फटिक आकुंचन पावतो, प्रसरण पावतो, म्हणजे थरथरतो. हेच पिएर पुढं मेरी क्युरींचे पती झाले, आणि त्या दोघांनी शोधलेलं रेडियम कॅन्सरच्या उपचारात वापरलं गेलं.

पिएर यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात हा थरथरणारा स्फटिक समुद्रात सोडला. जर्मनीच्या पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. आवाज पाण्यात सोडायचा, तो पाणबुडीवर आपटून परत आला की तिचा ठावठिकाणा कळायचा. १९१७ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या प्रयोगांत आवाजाच्या वाटेत आलेले मासे मरायचे आणि पाण्यात हात घातला तर दुखायचा. हा आवाज नुसता शोधतो असं नाही, तो ढकलतो आणि इजाही करतो, हे तेव्हाच कळलं होतं.

तिथून तो बाईच्या पोटापाशी आला स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड बायकांच्या आजारांचे तज्ज्ञ होते. तिथल्या कारखान्यात बॉयलरच्या लोखंडातली भेग शोधायला हेच यंत्र वापरत. डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून कारखान्यात नेल्या आणि त्या यंत्रापुढं ठेवल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांतून आवाज वेगवेगळा परत येत होता. मग रुग्णालयात एक बाई आली. पोट फुगलेलं, अंग वाळलेलं. तिला पोटाचा कॅन्सर आहे आणि आता इलाज नाही, असं ठरून गेलं होतं. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं. पडद्यावर दिसलं ते वेगळंच. ती अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ होती. ऑपरेशन करून गाठ काढली आणि बाई बरी झाली. १९५८ मध्ये त्यांनी हे सगळं लिहून छापलं, आणि सोनोग्राफी जगभर गेली.

मैत्रिणींनो, हे वाचताना आम्हाला त्या आजी आठवल्या. ज्या यंत्राच्या सुरुवातीलाच एका बाईचा जीव वाचला, ते आपल्याकडे येईपर्यंत काय होऊन बसलं?

आपल्याकडे गर्भातली मुलगी ओळखण्याचा धंदा आधी पोटातलं पाणी काढून सुरू झाला. मुंबईत ऐंशीच्या दशकात बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या रेट्यामुळं १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पण तोवर सोनोग्राफीची मशीन तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती. सुई टोचायला नको, वेळ लागत नाही. कायदा कागदावर राहिला. २००० साली पुण्याची मासूम, मुंबईची सेहत या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयानं सरकारांना कायदा नीट राबवायचा आदेश दिला, आणि २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

जनगणनेत काय दिसलं तेही सांगतो. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ उरल्या. २०११ मध्ये ८९४. आजींच्या दोन नाती या आकड्यांतल्याच.

म्हणून आम्ही आजींना असं म्हणणार नाही, की मशीनचा काय दोष. ज्यांच्या घरातून लेकरं गेली त्यांना हे वाक्य ऐकवू नये. पण एवढं खरं, की मशीन स्वतःहून काही विचारत नाही. ग्लासगोत तिला विचारलं गेलं, ही बाई वाचेल का. आपल्याकडे तिला विचारलं, मुलगा की मुलगी. विचारणारे डॉक्टर होते, सासरचे होते. पोट जिचं, तिला कुणी विचारलं नाही.

आता तोच आवाज रक्तातल्या पेशींकडे कसा वळला ते बघू. १९७१ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये मेरी डायसन आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या पिलावर असा आवाज सोडून बघत होते. पिलाच्या रक्तवाहिनीतलं रक्त वाहायचं थांबलं, आणि तांबड्या पेशी ओळीनं पट्ट्यापट्ट्यांत उभ्या राहिल्या. आवाज बंद केला की पुन्हा वाहू लागल्या. क्लाडनींच्या पत्र्यावर वाळूचं जे झालं, तेच रक्तात पेशींचं झालं. आवाजानं पेशींना रांगेत उभं करता येतं, तर त्यांची निवड का करता येणार नाही?

त्यासाठी रक्ताची वाट पेशींच्या मापाची हवी होती. मोबाईलमधल्या चिप ज्या कलेनं घडवतात, त्या कलेनं केसाएवढ्या बारीक नळ्या कोरता येऊ लागल्या. अशा नळ्यांच्या तुकड्यालाही चिपच म्हणतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात थॉमस लॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत आवाज सोडून पेशी सरकवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये त्यांनी रक्तात मिसळलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या. त्यानंतर अमेरिकेत पेन स्टेट, एमआयटी आणि कार्नेगी मेलन या तीन विद्यापीठांनी मिळून दुसरी रचना केली. त्यात टोनी जुन हुआंग, मिंग दाओ आणि सुब्रा सुरेश हे प्रमुख होते. सुरेश यांचा जन्म भारतातला. त्यांची माहिती २०१४ आणि २०१५ मध्ये छापून आली.

त्यांची युक्ती आम्ही कांद्याच्या खळ्यावरून समजून घेतली. लासलगाव-पिंपळगावकडं कांदा निवडायला गेलेल्या मैत्रिणींना माहीत आहे, मोठा माल वेगळा, गोल्टी वेगळी. इथं निवडायला हात नाहीत, आवाज आहे. नळीच्या दोन बाजूंनी आवाज सोडला, की दोन्ही लाटा एकमेकींवर येऊन मध्ये स्थिर रेघा तयार होतात. पेशी त्या रेघांकडे ओढल्या जातात. या लोकांनी रेघा रक्ताच्या वाहण्याला थोड्या तिरप्या ठेवल्या. आता पेशीला दोन ओढी. पाणी म्हणतं सरळ चल, आवाज म्हणतो तिरपी चल. लहान पेशीला आवाजाचा धक्का कमी बसतो, ती पाण्याबरोबर सरळ जाते. मोठी पेशी रेघ धरून बाजूला सरकते आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते.

थोडा हिशेब सांगतो. पेशीचा व्यास दुप्पट झाला की तिचं घनफळ आठपट होतं, आणि आवाजाचा धक्का त्या घनफळाप्रमाणे बसतो. पाण्याचा अडथळा मात्र दुपटीनंच वाढतो. म्हणजे दुप्पट मोठी पेशी चौपट वेगानं सरकते. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी रक्ताच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात, त्यामुळं हे जमतं. यात सुई नाही, चुंबक नाही, पेशीवरची खूण शोधावी लागत नाही. पेशी जिवंत राहते, म्हणून पुढं तिच्यावर औषध लागू पडतं का हेही बघता येईल.

पण जे जमत नाही तेही सांगायला हवं. प्रयोगात तांबड्या पेशी आधी रसायनानं फोडून काढाव्या लागल्या. आधीच्या रचनेत सहा मिलिलिटर रक्ताला तीस ते साठ तास लागले असते, सुधारलेल्या रचनेत सुमारे पाच तास. तपासलेलं रुग्णांचं रक्त होतं फक्त तीन बायकांचं, तिघींनाही स्तनाचा कॅन्सर आहे हे आधीच माहीत होतं. शिवाय कॅन्सरची प्रत्येक पेशी मोठी असतेच असं नाही. पांढऱ्या पेशीएवढी असली तर ती गर्दीत निसटते. आपल्या देशातही हे काम चालू आहे. चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये आशिस कुमार सेन यांचा गट चिपमधल्या आवाजावर संशोधन करतो. पण तुमच्या-आमच्या ग्रामीण रुग्णालयात ही चिप नाही. मोबाईलवरच्या त्या निरोपात हे काहीच नव्हतं.

आता आपल्या नाशिकचं. रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी शोधण्याचं काम आपल्या शहरातही झालं आहे, पण ते आवाजाचं नाही. इथल्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या प्रयोगशाळेची वाट वेगळी आहे. कॅन्सरची पेशी चिवट असते, ठरलेल्या वेळी मरत नाही. रक्तातल्या पेशी अशा द्रवात ठेवायच्या, की साध्या पेशी मरून जातील आणि ही चिवट पेशी उरेल. त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. गावचं नाव मोठं झालं याचा आम्हालाही आनंद आहे. पण या दर्जाचा अर्थ नीट घ्या. वस्तू उपयोगी ठरू शकते, म्हणून तिची छाननी लवकर करू, एवढाच त्याचा अर्थ. ती सिद्ध झाली, आता सगळ्यांनी करून घ्या, असा नाही.

२०२२ मध्ये ही तपासणी भारतात आली तेव्हा तिची किंमत ६,००० रुपये सांगितली गेली. आपल्या गटात महिना १०० रुपये बचत धरली, तर ६० महिने, म्हणजे पाच वर्षांची बचत. आणि रक्तात काही सापडलं तरी गाठ कुठं आहे, केवढी आहे, हे बघायला छाती दाखवावीच लागते. मॅमोग्राफी लागते, सोनोग्राफी लागते, सुईनं तुकडा काढावा लागतो. नाही सापडलं तरी हाताला लागणारी गाठ दाखवायची राहत नाही. रक्त दिलं म्हणून कुणी गाठ लपवून बसली, तर त्या रिपोर्टचा तिला तोटाच.

मग आज आपल्या हातात काय आहे? याचं उत्तरही महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे, आणि ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सापडलं. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले. त्या डॉक्टर नव्हत्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. यंत्र नाही, चिप नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापला गेला. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात असा फरक दिसला नाही, तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आज सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी मोफत आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात ती याचीच सुरुवात. त्यांना "नंतर या" म्हणू नका. स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती दुखत नसली तरी, कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर पाच वर्षांनी येणाऱ्या तपासणीची वाट बघू नका. त्याच आठवड्यात दाखवा. बाई डॉक्टर किंवा सिस्टरच हवी असं तिथं सांगा, यात संकोच नको. आजार निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. कागदपत्रांना गट आहे.

आता त्या मैत्रिणीचं. "छाती दाखवायला नको ना" असं तिनं का विचारलं, हे बैठक संपल्यावर कळलं. सगळ्या गेल्या, ती मागं राहिली. डाव्या बाजूला गाठ होती, सहा महिन्यांपासून. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. द्राक्षाच्या विरळणीला रोज जात होती. दुखत नव्हती, म्हणून काही नसेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. सहा महिने आम्ही दर बैठकीला तिच्याकडून हप्ता घेत होतो आणि आम्हालाही काही कळलं नाही. हे सांगताना आम्हाला वाईट वाटतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही तिला घेऊन तालुक्याला गेलो. सिस्टरनं तपासलं, डॉक्टरबाईंनी तपासलं आणि स्तनाची सोनोग्राफी सांगितली. आम्ही गटात कळवलं. सोनोग्राफीच्या दिवशी स्टँडवर बघतो तर आजी पिशवी घेऊन उभ्या. "मी येते," म्हणाल्या. "मागच्या वेळी सुनेबरोबर गेले होते तेव्हा गप्प बसले होते."

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी होती, इथं गर्भलिंग सांगितलं जात नाही म्हणून. आजींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, आम्ही वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग त्या मैत्रिणीचा हात धरून आत गेल्या, आणि तपासणी होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

तिचा रिपोर्ट काय आला ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही. तिनं तसं बजावलं आहे, आणि तो तिचा हक्क आहे. गोष्ट इथपर्यंत सांगायला तिनं हो म्हटलं, कारण ऐकणाऱ्यांत आणखी कुणी असेल, असं तिला वाटतं. तशी कुणी असाल तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. उद्या आपल्या गटाच्या ताईला, नाहीतर आशाताईला सांगा. तुमच्याबरोबर कुणीतरी येईल.